माकडांसाठी रानात फळझाडं लावावीत का? दोडामार्गच्या 7 एकर रानाबद्दल

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दोडामार्ग तालुक्यात तुमची 11 एकर वडिलोपार्जित जमीन आहे. खालच्या अंगाला काजू आणि थोडी नारळ-सुपारी, वर साधारण 7 एकर जुनं रान, मधून वहाळ, म्हणजे ओढा. तुम्ही पुण्यात नोकरीला, जमीन काका बघतात. काकांचं म्हणणं, रान साफ करून अननसाला नाहीतर रबराला भाड्याने देऊ, कारण तिथूनच माकडं येतात आणि आपलंच खातात. शेजाऱ्यांचीही तीच तक्रार. तुम्हाला मात्र रान ठेवायचंय. तुमचा बेत असा की रानात चिकू, पेरू, केळी, आंबा लावायचा, सिमेंटचा पाणवठा बांधायचा, म्हणजे माकडांचं पोट तिथेच भरेल आणि ती बागेत उतरणार नाहीत. कोणती झाडं आणि किती अंतरावर, एवढंच तुम्ही विचारलंय.

झाडांची नावं देते, पण तुमच्या यादीतलं एकही त्यात नसेल. कारण तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एक, यंदा काजू-नारळाचं नुकसान कमी कसं करायचं. दुसरा, हे रान माकडवर्गीय प्राण्यांना पुढेही राहण्याजोगं कसं ठेवायचं. पहिल्याचा हिशेब हंगामात लागतो, दुसऱ्याचा एका पिढीत. लोक उपाय दुसऱ्यावरचा करतात आणि निकाल पहिल्याचा मागतात. दोन वर्षांत माकडं काही कमी होत नाहीत, मग चिडून रानच तोडायला देतात. हे मी सिंधुदुर्गात पाहिलंय आणि त्याआधी अण्णामलाईच्या चहामळ्यांमध्येही पाहिलंय. माझं काम जंगल पुन्हा उभं करण्याचं आहे, त्यामुळे माझा कल रानाकडे असणार हे धरूनच वाचा.

आधी बागेत येतं कोण, ते नीट बघा. गावात सरसकट माकडं म्हणतात, पण काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं वानर आणि लालसर तोंडाचं, डोक्यावर केसांचा भांग पाडलेलं माकड यांचं पोटच वेगळं आहे. वानर मुळात पाला खाणारं. त्याच्या जठरात कप्पे असतात आणि पाला तिथे आंबवून पचवला जातो. त्यामुळे कोवळी पालवी, मोहर, कळ्या, कच्ची फळं, सावरीची फुलं यांवर त्याचा भर. आंब्याच्या कलमाचे शेंडे खुडलेले दिसले तर ते बहुधा वानराचं काम.

माकड सगळं खातं आणि त्याच्याकडे गालातल्या पिशव्या असतात. कोकमाच्या झाडावर त्याला एकदा निवांत बघा. एका हाताने फांदी धरतं आणि दुसऱ्या हाताने रतांबे खुडून तोंडात कोंबत जातं. चावत बसत नाही. गाल मानेपर्यंत फुगले आणि कुत्रा भुंकला, की शेजारच्या ऐनाच्या झाडावर जाऊन बसतं, हाताच्या पाठीने बाहेरून गाल दाबतं आणि एकेक फळ दाताखाली आणतं. गर खातं, बी थुंकतं. बागेत त्याला फार वेळ लागत नाही तो याच पिशव्यांमुळे. आणि ती थुंकलेली बी पावसात उगवते, म्हणून रान वाढवणाऱ्यांतही त्याचाच हात असतो. तुमच्या रानात कोकमाची रोपं मूळ झाडापासून लांब, कुणी न लावता आलेली दिसतील.

तिसरा प्राणी तुमच्या प्रश्नात नाही, पण माझ्या मते तुमच्या रानाचं खरं मोल कदाचित त्याच्यात असेल. लाजवंती. पाव किलोच्या आसपास वजन, काटकुळे हातपाय, मोठे गोल डोळे, शेपूट जवळपास नाहीच. रात्री हिंडते आणि मुख्यतः किडे खाते. तुमच्याच तालुक्यातल्या तिलारीच्या परिसरात ती आहे. तिची अडचण अशी की ती उडी मारत नाही. मागच्या पायांनी एक फांदी घट्ट धरून ठेवते, पुढचा हात लांबवून दुसरी पकडते आणि ती पकड पक्की झाल्यावरच मागची सोडते. दोन झाडांच्या मध्ये चार-पाच फुटांची फट पडली आणि तिथे वेल नसली, की तिचं रान तिथेच संपतं. खाली उतरून जमिनीवरून जाऊ शकते, पण तिथे कुत्री, मांजरं आणि गाड्यांची चाकं असतात. ती बागेत येत नाही, कुणाचं काही खात नाही, म्हणून तिच्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. तक्रार नाही म्हणून लक्षही नाही.

आता तुमचा फळझाडांचा बेत. चिकू-पेरू-कलमी आंब्याला ऊन लागतं. ते वाढवायचे तर तुम्हाला आहे ती झाडी विरळ करावी लागेल, म्हणजे माकडांच्या नावाने पहिला कोयता रानावरच. ती झाडं वाढून पंधरा-वीस फुटांची होणार, त्याने वरचं छत्र जुळत नाही. शिवाय एकाच जागी, थोड्या आठवड्यांत, भरपूर गोड खाणं मिळणं म्हणजे रानात अन्नछत्र उघडणं. असं खाणं मिळू लागलं की माद्यांच्या दोन बाळंतपणांतलं अंतर कमी होतं, पिल्लं जास्त जगतात आणि टोळी वाढते. बहर संपला की ही वाढलेली टोळी जाणार कुठे? शेजारच्या बागेत. चिकू खायचा असतो हे आता तिला ठाऊक असतं आणि ते तुम्हीच शिकवलेलं असतं. केळीबद्दल तर मला काळजीच वाटते. तुमच्या भागात 2002 पासून कर्नाटकातून आलेले हत्ती आहेत. तिलारीच्या आसपास रानात केळी लावणं म्हणजे त्यांना आवतण देणं.

सिमेंटचा पाणवठाही नको. मार्च-एप्रिलमध्ये वहाळ आटत असेल तर पाऊस संपता संपता दगड-मातीचा कच्चा बंधारा घाला. पाणी जिरेल, वहाळाकाठची झाडं तग धरतील आणि प्राण्यांना लांबलचक काठ मिळेल. हौदाभोवती सगळ्यांनी एकाच ठिकाणी गोळा होणं टळेल.

माझं हे मत कुठून आलं ते सांगते. तमिळनाडूत अण्णामलाईच्या डोंगरात वालपराई नावाचं पठार आहे. इंग्रजांच्या काळात, 1890 नंतर तिथे जंगल तोडून चहा-कॉफीचे मळे झाले. आज मळ्यांच्या समुद्रात जंगलाची बेटं उरली आहेत आणि त्या बेटांवर सिंहपुच्छ वानर राहतो (नावात वानर असलं तरी हा पाला खाणारा वानर नव्हे, माकडाच्या कुळातला). काळाभोर, चेहऱ्याभोवती पांढुरकी आयाळ, शेपटीच्या टोकाला गोंडा. जगात फक्त पश्चिम घाटात, केरळ, तमिळनाडू आणि कर्नाटकात सापडतो. सलग जंगलात त्याची टोळी साधारण पंधरा-वीस जणांची असते आणि दिवसचे दिवस जमिनीला पाय लावत नाही. पुदुतोट्टम नावाच्या एका तुकड्यात मात्र एक चौरस किलोमीटरपेक्षाही कमी जागेत दीडशेहून अधिक वानर आहेत. वरवर बघणाऱ्याला वाटावं, किती छान वाढलेत! पण झाडांचं छत्र तुटल्यामुळे ते जमिनीवर उतरू लागले, रस्ता ओलांडू लागले, गाड्यांखाली मरू लागले, विजेच्या तारांना चिकटू लागले आणि स्वयंपाकघरात शिरू लागले. आकडा फुगलेला आणि जगणं बिघडलेलं, हे दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं हे मी तिथे शिकले.

तिथे उपयोगी पडलेल्या गोष्टी साध्या होत्या. उरलेल्या तुकड्यांना मळेवाल्यांनीच हात लावायचा नाही, ही पहिली. देशी झाडांची रोपवाटिका करून तुकड्यांच्या फाटलेल्या कडा भरत नेणं, ही दुसरी. रस्त्यावर जिथे दोन्ही बाजूंच्या फांद्या पूर्वी भेटत होत्या तिथे अग्निशमनाच्या जुन्या होजपाइपसारख्या वस्तूंपासून केलेले झुलते पूल बांधले गेले. वानर, शेकरू असे प्राणी ते वापरतात. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन ही म्हैसूरची संस्था तिथे वर्षानुवर्षं हे काम करते आहे. आसाममध्ये जोरहाटजवळच्या होलोंगापार अभयारण्यात दुखणं तेच, फक्त प्राणी वेगळा. जेमतेम 21 चौरस किलोमीटरचं जंगल, भोवती चहामळे आणि मधून रेल्वेची लाईन. हूलॉक गिबन, म्हणजे हातांनी झोके घेत झाडांवरून फिरणारा बिनशेपटीचा कपी, जमिनीवर उतरायला फारसा धजत नाही, त्यामुळे लाईनच्या अलीकडचे अलीकडे आणि पलीकडचे पलीकडे. फळझाडं कितीही लावा, दोन बाजूंची गाठ पडत नाही तोवर उपयोग नाही.

आता तुमचे शेजारी म्हणतील, सिंहपुच्छ दुर्मिळ असेल, आमची माकडं तर उदंड आहेत. हा समज मी रोज ऐकते. माकडं दिसतात ती रस्त्याकडेला, देवळापाशी, आंबोली घाटात वेफर्स खाताना. दिसतात म्हणजे वाढलीत असं वाटतं. म्हैसूर परिसरात माकडांचे अभ्यासक मेवा सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं याच माकडांची गणना केली, तेव्हा 25 वर्षांत 65 टक्क्यांहून जास्त घट आढळली. एक मोठं कारण, रस्ते रुंद करताना कडेचे जुने वड-पिंपळ गेले. दुसरं, तक्रार आली की पकडून दुसरीकडे नेऊन सोडणं. या माकडाची आज जागतिक यादीत असुरक्षित म्हणून नोंद आहे. मुंबई-गोवा महामार्ग रुंद होताना कोकणातले किती वड गेले ते तुम्हीही गाडीतून पाहिलं असेल.

पकडून सोडण्याचा विषय निघालाच आहे तर सांगते, कारण तुमच्या गावात ही मागणी होणारच. मी या उपायाच्या विरोधात आहे आणि ते केवळ दयेपोटी नाही. टोळी पूर्ण कधीच पकडली जात नाही. सापडतात ती पिल्लंवाल्या माद्या आणि भोळी पोरं, हुशार नर मागे राहतात. ज्या जागी सोडतात तिथे आधीच एक टोळी असते. मारामाऱ्या होतात, आलेली माकडं जवळचं गाव शोधतात, आणि तुमची तक्रार त्या गावाची होते. तुमच्याकडे रिकामी झालेली जागा बाजूची टोळी भरते, कारण बाग तिथेच असते.

आता तुमच्या 7 एकरांत काय करायचं. पहिलं काम काही न करण्याचं आहे, आणि तेच सर्वांत अवघड. आपल्याकडे रान राखणं म्हणजे साफसफाई, असं लोकांच्या मनात बसलंय. खालचं झुडूप बेणून टाकायचं, वेली तोडायच्या, पाला गोळा करून जाळायचा. गारंबीसारखी मनगटाएवढी वेल झाडाचा गळा आवळते म्हणून कुणीतरी कोयत्याने तोडतो. तीच लाजवंतीची वाट असते. वेलींना हात लावू नका. वाळलेली आणि पोकळ झाडं उभी ठेवा. कवळ, म्हणजे शेत भाजायला लागणारा फांद्या-पाला, तोडायला कुणी येत असेल तर त्याच्याशी भांडू नका, वहाळापासून लांबचा एक कोपरा ठरवून द्या आणि शेंडा छाटायचा नाही एवढं मान्य करून घ्या.

दुसरं, वणवा. कोकणातल्या रानाला आगीइतकं कुणी खाल्लेलं नाही. थंडी संपायच्या आत गवताच्या बाजूने जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा साफ केलेला पट्टा, काढा, पडीककडेला आणि रस्त्याकडेला नक्की. एका आगीत पाच वर्षांची आपोआप आलेली रोपं जातात. बाकी काहीही जमलं नाही आणि फक्त आग थांबवली, तरी निम्मं काम झालं असं मी समजते.

तिसरं, मोठी झाडं मोजा. कोकणातलं खाजगी रान दर दहा-पंधरा वर्षांनी ठेकेदाराला देण्याची रीत आहे. बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात, लांबून हिरवं दिसतं, आणि मालकालाही वाटतं रान आहे. पण फुटव्यांचं रान म्हणजे ऐन, किंजळ यांच्या सारख्या उंचीच्या काठ्या. त्यात फळणारं उंबर नसतं, ढोली नसते. तुमच्याकडे मिठीत न मावणारे वड, नांदरूक, पायर, उंबर, बेहडा, जांभूळ, पातफणस किती आहेत, ते खडूने खुणा करून एका कागदावर मांडा. वड-उंबर कुळातल्या झाडांना मी पहिला मान देते, कारण ती वर्षाच्या आडवेळी फळतात. जून-जुलैत रानात दुसरं फारसं काही पिकलेलं नसताना एक नांदरूक फळलं तर माकड, वानर, धनेश, शेकरू, वटवाघळं सगळी तिथे. माकडांचं पोट रानात भरायचं असेल तर ते असं वर्षभर थोडंथोडं भरलं पाहिजे.

आता लागवड. ती फक्त फटी बुजवण्यासाठी. रानात फिरून वर बघा, दोन मोठ्या झाडांच्या छत्रांत कुठे आकाश दिसतं, आणि तुमचं रान शेजारच्या रानाला कुठे शिवता शिवता राहतं. तिथेच लावा. वड आणि नांदरूक यांच्या मनगटाएवढ्या जाड फांद्या पहिल्या पावसानंतर रोवल्या तर गुरांच्या तोंडातून वाचतात आणि लवकर उंची गाठतात. त्यांच्या मधे जांभूळ, पातफणस, बेहडा, नाणा, सातवीण, कोकम, सुरंगी. चांदाडा लावायला नको, उघड्या जागी तो स्वतःच येतो आणि लवकर सावली देतो, त्याला फक्त तण समजून तोडू नका. भेरली माड मला फार आवडतो, पण हत्तीलाही आवडतो. तुमच्या वहाळाने हत्ती येत असतील तर नवा लावू नका, असलेला तोडू नका.

अंतराबद्दल विचारलंत. बागेसारख्या ओळी नकोत. उघड्या फटीत दोन-तीन पावलांवर दाट लावा, जगतील ती जगतील. सावलीत लावूच नका, तिथे रोप दिसत नसलं तरी बी पडलेली असते. रोपं तुमच्याच पंचक्रोशीतल्या बियांची हवीत. नर्सरीतून आकेशिया, सुरू, गुलमोहर फुकट मिळतात म्हणून आणू नका. आणि कोकमाची एक गोष्ट सांगते. कर्नाटकात सिरसी-होन्नावरच्या रानात सिंहपुच्छाचं सर्वांत उत्तरेकडचं ठाणं आहे. तिथली माणसं कोकमाच्याच कुळातल्या उप्पगेची सालं गोळा करून विकतात, आणि तेच फळ वानराचं खाणं. भाव वाढला की कच्ची फळं उतरवली जातात, फांद्या मोडतात, आणि दोघांचंही पुढच्या वर्षीचं बुडतं. तुमच्या रानातल्या कोकमांपैकी काही झाडं पूर्ण सोडा, बाकीची तुम्ही घ्या. असं ठरवून घेतलं की काकांनाही रानातून काही मिळतं असं दिसेल.

आता पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे बागेकडे. इथे मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. माकडांपासून बाग शंभर टक्के वाचवणारा उपाय माझ्या पाहण्यात नाही. सौर कुंपण डुकराला अडवतं, माकड त्यावरच्या फांदीवरून उतरतं. फटाके, वाघाचं चित्र, आवाजाची यंत्रं काही दिवस चालतात, मग माकडं त्यांना सरावतात. चालते ती राखण, आणि तीही वाडीने मिळून केलेली. एकट्याने हाकललं तर टोळी शेजाऱ्याकडे जाते, संध्याकाळी परत येते. चार बागायतदारांनी काजूच्या हंगामात पाळ्या लावून सकाळच्या पहिल्या दोन-अडीच तासांत आणि उन्हं उतरताना माणूस नि कुत्रा फिरवला, तर टोळीला दिवसभर आत पाय रोवता येत नाही. नुकसान बहुतेक रानाच्या कडेच्या ओळींतच होतं. तिथल्या दोन-तीन ओळींत हळद, आलं, सुरण, मिरी अशी माकडांना फारशी न रुचणारी पिकं घ्या. रानाची फांदी थेट काजूवर टेकत असेल तर काजूची फांदी छाटा, रानाची नव्हे. घराजवळ खरकटं, पिकलेले फणस, देवळातला प्रसाद उघड्यावर राहू देऊ नका. शनिवारी केळी घालणाऱ्यांना सांगणं कठीण असतं हे मला माहीत आहे, पण सांगावं लागेल. आणि नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढून वन विभागाला कळवून पंचनामा मागा. पैसे तुटपुंजे मिळतील, उशिरा मिळतील, तरी अर्ज करा.

शेजाऱ्यांच्या रागामागे दुसरीही एक भीती असेल, जी ते कदाचित तुम्हाला सांगत नसतील. माकडताप. 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला, आणि 2016 पासून तुमच्या तालुक्यात काजूच्या हंगामात लोक आजारी पडलेत, मृत्यूही झालेत. त्यामुळे 'रान म्हणजे ताप' असं समीकरण झालंय. पण माकड तो ताप माणसाला थेट देत नाही. विषाणू गोचिडीतून येतो. माकडं आणि वानरं स्वतःच त्याने मरतात, आणि मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी आसपासच्या पाल्यात पसरतात. गोचिडी आणि उंदीर-चिचुंद्र्यांसारखे छोटे प्राणी विषाणू टिकवून ठेवतात, त्यामुळे माकडं मारून तो जात नाही. रानात मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, पुरायलाही जाऊ नका, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि वन विभागाला कळवा. डिसेंबर ते मे या काळात काजू वेचणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पाल्यावर बसू नये, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून अंघोळ करावी. गुरं रानात सोडून संध्याकाळी अंगणात बांधली तर गोचिडी घरापर्यंत येतात, ह्याकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. हे तुम्ही वाडीत पुढाकार घेऊन केलंत तर रानाविषयी बोलायला लोक तयार होतील. त्याआधी नाही.

राहिले काका. त्यांचा मुद्दा मी हलका समजत नाही. ते तिथे राहतात, नुकसान ते सोसतात आणि रानातून त्यांना एक रुपया येत नाही. रबर-अननसवाला मात्र एकरी रोख देतो. तो व्यापार करतोय, त्यात त्याचा दोष नाही. जमीन आपणच देतो. पण अननस एकदा लागला की रान मुळासकट गेलेलं असतं, फुटवेही उरत नाहीत, आणि उतारावरची माती पहिल्या दोन पावसांत वहाळात उतरते. करार संपल्यावर परत मिळते ती जमीन, रान नव्हे. माकडंही कमी होत नाहीत. त्यांना राहायला जागा उरत नाही म्हणून ती दिवसाही तुमच्या नारळावर असतात. हे काकांना सांगण्यापेक्षा, जिथे पाच-सहा वर्षांपूर्वी रान देऊन झालंय अशा एखाद्या ओळखीच्या बागायतदाराकडे त्यांना घेऊन जा आणि त्याला बोलू द्या.

कायद्याची बाजूही बघा. 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीवर बंदी घातली. मार्च 2024 मध्ये याच पट्ट्यातली 25 गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित करण्याचे निर्देश केंद्राला दिले. तुमचं गाव त्यात आहे का, ते वन परिक्षेत्र कार्यालयात लेखी विचारा. ठेकेदार 'परवानगीचं मी बघतो' म्हणतो तेव्हा गुन्हा दाखल होतो तो सातबाऱ्यावरच्या नावावर.

पैशांचं गणित पूर्ण जुळेल असं नाही. मिरीचे वेल रानातल्या उभ्या झाडांवर चढवता येतात, कोकमाची आमसुलं, सुरंगीचे कळे, मध, असं थोडंथोडं येतं. रबराच्या भाड्याशी ते बरोबरी करत नाही. तुम्ही पुण्यात पगार घेता. रान ठेवायचं हा निर्णय तुमचा असेल, तर काकांना दरवर्षी राखणीची ठरावीक रक्कम देणं हा मला सर्वांत सरळ मार्ग वाटतो. जाळरेषा, राखण, बंधारा ही कामं तसंही त्यांनाच करायची आहेत. सातबारा सामाईक असेल तर बाकीच्या हिस्सेदारांची लेखी संमती आत्ताच घेऊन ठेवा. 7 एकरांतले 2 एकर एखाद्या चुलतभावाने विकले, तर ते नेमके वहाळाकाठचे असण्याची शक्यता जास्त, कारण गाडी तिथपर्यंतच जाते.

तुमचं रान एकटं पडलेलं असेल तर वरचा सगळा खटाटोप माकडांपुरता ठीक, लाजवंतीसाठी अपुरा. ते तिलारीच्या राखीव क्षेत्राच्या बाजूला सलग जोडलेलं असेल तर त्याचं मोल 7 एकरांपेक्षा कितीतरी मोठं होतं. 2020 मध्ये तिलारीचं साडेएकोणतीस चौरस किलोमीटरचं संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं, पण प्राणी नकाशावरच्या रेषेवर थांबत नाहीत. मधली खाजगी रानं टिकली तरच ते जोडलेलं राहतं. म्हणून मला तुमच्याकडून तीन गोष्टी कळायला हव्यात: गट नंबरांचा नकाशा, चारी बाजूंना काय आहे ते, आणि विजेची तार रानातून जाते का. तार जात असेल तर फांदी-तार यांमधलं अंतर आणि तारेवर आवरण बसवून घेणं हा वेगळा विषय आहे, तो सविस्तर लिहीन.

लाजवंती आहे का हे बघायचं असेल तर वन विभागाला सांगून, जाणकार माणसासोबत, अमावास्येच्या आसपास, लाल काच लावलेल्या मंद बॅटरीने. डोळे नारिंगी चमकतात. दिसली तर फोटो फेसबुकवर टाकू नका आणि गावाचं नाव तर अजिबात नको. अंधश्रद्धेपायी तिला पकडून विकणारे लोक आहेत आणि ते या नोंदी वाचतात. वनरक्षकाला सांगा, काकांना सांगा, तेवढं पुरे.